रियुइची साकामोतो ऐकायला सुरुवात कुठून करावी: नाशिककर नवख्यांसाठी

नाशकात इलेक्ट्रॉनिक संगीत म्हटलं की बहुतेकांना दोनच गोष्टी आठवतात: विसर्जन मिरवणुकीतला डीजे आणि द्राक्षमळ्यांच्या शेजारी भरणाऱ्या सुलाफेस्टचा मंच. दोन्हीकडे आवाज छातीत घुमतो, माणसं नाचतात, आणि ते छानच आहे. पण त्याच जातीच्या यंत्रांवर चाळीसहून अधिक वर्षं काम करणारे आणि एक वाट जमली की ती सोडून दुसरी धरणारे एक संगीतकार जपानमध्ये होऊन गेले. रियुइची साकामोतो. जन्म १७ जानेवारी १९५२, टोकियो. मृत्यू २८ मार्च २०२३. सिंथेसायझर, पियानो, सिनेमाचं संगीत, ऑपेरा, बर्फाच्या प्रदेशात जाऊन ध्वनिमुद्रित केलेलं पाणी, सगळं त्यांच्या खात्यात आहे.

अडचण इथेच सुरू होते. फक्त त्यांच्या नावावरचे स्टुडिओ अल्बम वीसच्या आसपास. शिवाय बँडचे, जोडीने केलेले, चित्रपटांचे वेगळे. कुणीतरी सुचवतं, आपण ॲपवर नाव टाकतो, समोर येईल ते लावतो. कधी आठ मिनिटं नुसती टिकटिक ऐकू येते, कधी ऐंशीच्या दशकातलं भडक पॉप, आणि माणूस बंद करून मोकळा होतो. असं होऊ नये म्हणून ही वाट आखून देतो आहे. ती सालाप्रमाणे जात नाही. पहिला अल्बम पहिला, असा आग्रह धरला तर १९७८ चे आवाज आजच्या कानाला खेळण्यातले वाटतात आणि त्यामागची हिंमत कळतच नाही.

आधी तयारी

फोनच्या स्पीकरवर हे संगीत ऐकू नका. पियानोचा सगळ्यात खालचा स्वर २७.५ हर्ट्झचा असतो. फोनचा चिमुकला स्पीकर त्याच्या जवळपासही पोहोचत नाही. मग खर्जातलं जे काही आहे ते गळूनच पडतं आणि उरलेलं किरकिरं वाटतं. महागडं काही घ्यायची गरज नाही. तारेचे साधे, कानात नीट बसणारे इअरफोन पुरेत.

ॲपमध्ये तीन गोष्टी बंद करा: शफल, अल्बम संपल्यावर आपोआप दुसरंच काही लागणं, आणि दोन तुकडे एकमेकांत मिसळणं. ही तिसरी सोय साकामोतो यांच्याबाबतीत फार नुकसान करते, कारण एक रचना विरून दुसरी सुरू होण्यामधली शांतता त्यांनी मोजून ठेवलेली असते.

पंचवटी किंवा राज्यराणीने रोज मुंबईला जाणाऱ्यांना आयता वेळ मिळतो. फक्त अल्बम आदल्या रात्री डाउनलोड करून ठेवा. कसारा घाटातल्या बोगद्यांत नेटवर्क जातं आणि ऐन रंगात आलेली रचना अडकते.

पहिली पायरी: पियानो

सुरुवात 'प्लेइंग द पियानो' (२००९) या अल्बमपासून करा. त्यात त्यांच्या गाजलेल्या चाली त्यांनी स्वतः पियानोवर वाजवल्या आहेत. यंत्रं, गायक, तालवाद्यं काही नाही. पुढे हीच चाल सिंथेसायझरवर, वाद्यवृंदात, वेगळ्या वयात भेटेल तेव्हा ओळखीची वाटेल.

त्यानंतर 'बीटीटीबी' (१९९८). नाव 'बॅक टू द बेसिक्स'चं लघुरूप, म्हणजे मुळाकडे परत जाण्याचा हा अल्बम. लहानपणापासून त्यांच्यावर देब्युसी या फ्रेंच संगीतकाराचा प्रभाव होता, तो इथे उघड दिसतो. याच काळातली 'एनर्जी फ्लो' ही त्यांची पियानोरचना जाहिरातीतून लोकांपर्यंत गेली आणि १९९९ मध्ये जपानच्या साप्ताहिक सिंगल्सच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचली. शब्द नसलेली रचना त्या यादीत अव्वल येण्याची ती पहिलीच वेळ होती. दमलेल्या माणसांनी ती डोक्यावर घेतली, हे ऐकल्यावर पटतं.

ऐकताना एकच करायचं. स्वर वाजल्यावर तो कधी संपतो ते बघायचं. आपल्या कानाला तानपुऱ्याची सवय आहे. मागे षड्ज अखंड चालू असतो आणि गाणारा त्यावर विसंबून असतो. पियानोत ती सोय नाही. हातोडी तारेवर पडली की त्या क्षणापासून स्वर मरायला लागतो. न विरणारा, कायम राहणारा आवाज हवा, ही ओढ साकामोतो यांनी उतारवयात बोलून दाखवली. पुढचा सगळा प्रवास या ओढीच्या अंगाने पाहिला तर तो विखुरलेला वाटत नाही.

दुसरी पायरी: यंत्रं

आता मागे १९७८-७९ मध्ये चला. हारुओमी होसोनो, युकिहिरो ताकाहाशी आणि साकामोतो यांनी मिळून 'येलो मॅजिक ऑर्केस्ट्रा' हा बँड काढला. त्यांचा 'सॉलिड स्टेट सर्व्हायव्हर' (१९७९) आधी ऐका. यातल्या 'बिहाइंड द मास्क' या साकामोतो यांच्या चालीवर पुढे मायकल जॅक्सननेही आपली आवृत्ती केली.

या बँडच्या मागे रोलँड कंपनीचं एमसी-८ नावाचं यंत्र होतं आणि ते हाताळणारे हिदेकी मात्सुताके होते. या यंत्रात सूर वाजवायचा नसतो, आकड्यांत लिहायचा असतो. उंची किती, लांबी किती, पुढचा कधी, हे एकेका स्वरासाठी बटणांवर टाकायचं. एका मिनिटाच्या संगीतामागे किती आकडे लागत असतील याचा अंदाज करा. आणि मग त्या यंत्राच्या काटेकोर लयीवर ताकाहाशी हाताने ड्रम वाजवत होते. ढोलपथकात उभं राहिलेल्यांना यातली कसरत लगेच समजेल. पन्नास ढोल एका ठोक्यावर आणायला माणसाला किती घासावं लागतं हे त्यांनी अंगावर घेतलेलं असतं.

साकामोतो यांचा स्वतःचा पहिला अल्बम 'थाउजंड नाइव्हज' (१९७८) याच सुमाराचा. सुरुवातीला यंत्रातून गाळलेला एक मानवी आवाज येतो. ती माओची कविता आहे, व्होकोडरमधून म्हटलेली. हा अल्बम एकदा ऐकून बाजूला ठेवला तरी चालेल.

तिसरी पायरी: 'बी-२ युनिट', आणि इथे थांबा

१९८० चा हा अल्बम मला त्यांच्या पहिल्या दशकातला सर्वांत धाडसी वाटतो. बँड जपानमध्ये तुफान लोकप्रिय झालेला, साकामोतो अठ्ठावीस वर्षांचे, आणि त्यांनी लोकांना हवं तेच पुन्हा द्यायचं नाकारलं. कामाचा काही भाग लंडनमध्ये झाला आणि तिथे डेनिस बोव्हेल हे डब रेगेचे जाणकार सोबतीला होते. डब म्हणजे गाण्यातून बरंचसं काढून टाकायचं, बेस आणि ठोका ठेवायचा, आणि उरलेल्या आवाजांना प्रतिध्वनीत सोडून द्यायचं. साकामोतो यांनी ही रीत यंत्रांना लावली. 'रायट इन लागोस' ही रचना त्यातून आली. पुढे अमेरिकेत इलेक्ट्रो आणि हिप-हॉप करणाऱ्यांनी तिच्यातून बरंच उचललं.

ही रचना नाशिक ढोल वाजवणाऱ्यांनी आवर्जून ऐकावी. ढोलाच्या एका पानावर हाताची थाप आणि दुसऱ्यावर टिपरू पडतं. एक खोल, एक कोरडं. दोन्हींच्या मधल्या जागेत ताशा बोलतो. 'रायट इन लागोस'मध्ये अशीच कामाची वाटणी आहे. पहिल्यांदा फक्त खालचा बेस धरा. दुसऱ्यांदा फक्त वरची धातूची चुटपुट. तिसऱ्यांदा दोन्हींच्या मध्ये काय येतं ते ऐका. एकाच बैठकीत तीनदा लावायला हरकत नाही.

बाकीच्या रचना कडक आहेत. त्यांत घासणं आहे, ठोकणं आहे, अचानक तुटणं आहे. पटकन आवडणार नाहीत. जुन्या नाशकात तांबट लेनमध्ये तांब्यावर पडणारे हातोडे ज्यांनी लहानपणी ऐकले आहेत, त्यांना हा धातूचा आवाज परका वाटू नये. आवाज ओळखीचा वाटला की बाकीचं सोपं होतं.

चौथी पायरी: सिनेमा

१९८३ मध्ये नागिसा ओशिमा यांनी युद्धकैद्यांच्या छावणीवरच्या 'मेरी ख्रिसमस मिस्टर लॉरेन्स' या चित्रपटात साकामोतो यांना ब्रिटिश गायक डेव्हिड बोवीसमोर अभिनय करायला बोलावलं. संगीतही मीच करणार, ही अट घालून ते तयार झाले. चित्रपटाची मुख्य चाल तुम्ही पहिल्या पायरीवर पियानोवर ऐकलीच आहे. आता मूळ सिंथेसायझरवरची ऐका. तिच्यातल्या घंटांचा नाद इंडोनेशियाच्या गामेलानकडे, म्हणजे तिथल्या धातूच्या तालवाद्यांच्या वृंदाकडे, झुकतो. ना पुरती जपानी, ना पुरती युरोपीय अशी ही चाल आहे, आणि चित्रपटाच्या संगीताला ब्रिटिश अकादमीचा पुरस्कार मिळाला.

'द लास्ट एम्परर'चं (१९८७) संगीत त्यांनी डेव्हिड बर्न आणि काँग सू यांच्यासोबत केलं. तिघांना मिळून ऑस्कर मिळालं. मोठा वाद्यवृंद, चिनी वाद्यं, राजेशाही थाट. घरात सगळ्यांसमोर लावण्यासारखं आहे.

पाचवी पायरी: मधली वर्षं, वेचून

इथे मी सगळं ऐकायला सांगणार नाही. 'निओ जिओ' (१९८७) आणि 'ब्यूटी' (१९८९) या अल्बममध्ये जगभरातले पाहुणे आहेत. पहिल्यात इगी पॉप, बूत्सी कॉलिन्स. दुसऱ्यात ब्रायन विल्सन, यूसू न्दूर. ओकिनावा बेटांच्या लोकगायिकांचे आवाज या सगळ्यात सुंदर आहेत आणि तेवढ्यासाठी दोन्ही अल्बम एकदा ऐकावेत. मात्र ड्रमचा तो फुगवलेला ऐंशीच्या दशकातला आवाज काळाबरोबर मागे पडला आहे. माणसं फार झाली की साकामोतो मागे सरकतात, असं मला वाटतं.

त्याऐवजी 'एस्पेरांतो' (१९८५) शोधा. मोलिसा फेन्ली या नर्तिकेच्या नृत्यासाठी केलेलं हे काम आहे. आवाजांचे तुकडे कापून, पुन्हापुन्हा वाजवून बांधलेलं. आजच्या लॅपटॉपवर शिकाऊ मुलगाही जे सहज करतो ते त्या वेळी किती वेळखाऊ होतं हे लक्षात ठेवून ऐका.

नव्वदच्या दशकातले 'हार्टबीट', 'स्वीट रिव्हेंज', 'स्मूची' सध्या सोडा. '१९९६' नावाचा अल्बम मात्र घ्या. पियानो, व्हायोलिन, चेलो, एवढ्यावर जुन्या चाली पुन्हा बांधल्या आहेत. त्यात चेलो वाजवणारे ब्राझीलचे जाकेस मोरेलेनबाउम आणि त्यांच्या पत्नी पाउला यांच्याबरोबर साकामोतो यांनी २००१ मध्ये 'कासा' केला. बोसा नोव्हा या ब्राझीलच्या संगीतप्रकाराचे थोर रचनाकार आंतोनियो कार्लोस जोबीम यांच्या रिओमधल्या घरी जाऊन, त्यांच्याच पियानोवर वाजवून. रविवारी सकाळी घरात चहा-पोहे चालू असताना आई-बाबांनाही चालेल असा हा अल्बम आहे. 'हे काय लावलंयस' असं कुणी म्हणणार नाही.

सहावी पायरी: पियानोशेजारी टिकटिक

कार्स्टन निकोलाई हे जर्मन कलाकार अल्वा नोटो या नावाने संगीत करतात. त्यांच्याकडे वाद्य नाही. शुद्ध साइन तरंग (एकाच कंपनसंख्येचा सपाट सूर), क्लिक, पांढरा गोंगाट (रेडिओच्या खरखरीसारखा आवाज), एवढंच. साकामोतो यांनी पियानोचे तुकडे पाठवायचे आणि निकोलाई यांनी त्यांवर काम करायचं, असा या दोघांचा व्यवहार सुरू झाला. 'व्रिऊन' (२००२), 'इन्सेन' (२००५), 'रेव्हेप' (२००६), 'यूटीपी' (२००८), 'सम्व्हस' (२०११) असे पाच अल्बम झाले. इंग्रजी आद्याक्षरं जुळवली की व्हायरस तयार होतं.

'इन्सेन'पासून सुरुवात करा. इअरफोनशिवाय तर अजिबात नको, कारण काही तरंग इतके खाली आणि काही इतके वर आहेत की साध्या स्पीकरवर अर्धं संगीत गायब होतं. आवाज कमी ठेवा. वरच्या पट्टीतला साइन तरंग मोठ्याने ऐकला तर कान दुखतो.

पहिली पाच मिनिटं टिकटिक खुपेल. लक्ष पियानोवर ठेवा. थोड्या वेळाने कळतं की टिकटिक पियानोच्या विरण्याला मोजते आहे. स्वर विझत जातो, त्याची शेपटी निकोलाई पकडतात, ताणतात, तिच्यातून नवा आवाज काढतात. पहिल्या पायरीवर म्हटलं होतं ती ओढ इथे एका दुसऱ्या माणसाच्या हातून पुरी होते. म्हणूनच हे पाच अल्बम मला त्यांच्या सगळ्या जोडकामांत श्रेष्ठ वाटतात.

आवडले तर याच जोडीचा 'ग्लास' (२०१८) ऐका. अमेरिकेत कनेटिकट राज्यात फिलिप जॉन्सन या वास्तुविशारदाने बांधलेलं काचेचं घर आहे. दोघांनी त्या घरात बसून वाजवलं, आणि घराच्या काचाही वाजवल्या.

सातवी पायरी: 'आउट ऑफ नॉइज' आणि 'असिंक'

'आउट ऑफ नॉइज' (२००९) करण्याआधी साकामोतो ग्रीनलंडला गेले होते. वितळणाऱ्या बर्फाच्या पाण्याचे आवाज त्यांनी तिथे टिपले. अल्बमची पहिली रचना 'हिबारी' साधी आहे. पियानोचे दोन सारखे तुकडे एकमेकांपासून हळूहळू सरकत जातात. पुढे पुढे संगीत आणि निसर्गाचा आवाज यांतली सीमा पुसट होते. हा अल्बम ऐकून झाल्यावर एखाद्या हिवाळी सकाळी नांदूरमध्यमेश्वरला जा आणि इअरफोन खिशातच ठेवा. पाणी, पंख, लांबून येणारा ट्रॅक्टर. साकामोतो यांनी कानाला जी सवय लावली ती इथे कामाला येते.

२०१४ मध्ये त्यांना घशाचा कर्करोग झाला. उपचारांनंतर आलेला 'असिंक' (२०१७) माझ्या मते त्यांचं सर्वश्रेष्ठ काम आहे. त्यात वापरलेला एक पियानो २०११ च्या त्सुनामीत बुडालेला आहे. मियागी प्रांतातल्या एका शाळेचा. तारा सैलावलेल्या, काही पट्ट्या दाबल्या तरी उठत नाहीत. आधी त्यांना तो बेसूर वाटला. मग त्यांनी वेगळा विचार केला. पियानो म्हणजे माणसाने लाकूड वाकवून, लोखंडी तारा प्रचंड ताणून सुरात बांधलेली वस्तू. पाण्याने तो ताण सोडवला, निसर्गाने आपला सूर परत घेतला. हे समजून ऐकलं की त्या भेसूर स्वरांची भीती जाते.

'असिंक' एका बैठकीत, रात्री, दिवे मंद करून ऐका. 'आंदाता' पियानोवर सुरू होते आणि तीच चाल ऑर्गनवर जाते. 'वॉकर'मध्ये कुणीतरी पाचोळ्यावरून चालतं आहे. 'फुलमून'मध्ये, १९९० साली त्यांनी संगीत दिलेल्या एका चित्रपटातला उतारा आधी मूळ लेखकाच्या आवाजात आणि मग एकामागून एक अनेक भाषांत वाचला जातो. आयुष्यात पौर्णिमेचा चंद्र उगवताना आपण फार थोड्या वेळा पाहणार आहोत, असा त्याचा आशय आहे. कोजागिरीला दूध आटवून झाल्यावर गच्चीत ऐकायला याहून योग्य काही मला माहीत नाही.

हे कान फक्त स्टुडिओपुरते नव्हते. न्यूयॉर्कमध्ये त्यांच्या आवडत्या उपाहारगृहात वाजणारं संगीत त्यांना सहन होईना, म्हणून त्यांनी तिथल्या आचाऱ्याला सांगून स्वतः यादी करून दिली. आणि मृत्यूच्या काही आठवडे आधी, टोकियोच्या जिंगू गाइएन भागातली झाडं विकासासाठी तोडू नयेत म्हणून त्यांनी तिथल्या राज्यपालांना पत्र लिहिलं. तपोवनातल्या झाडांसाठी नाशिककर उभे राहिले, त्यांना हा माणूस आपलाच वाटेल.

आठवी पायरी: '१२'

हा अल्बम शेवटी. त्याआधी नको. १७ जानेवारी २०२३ ला, त्यांच्या एकाहत्तराव्या वाढदिवशी तो आला. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर घरी आल्यावर जेव्हा जमेल तेव्हा त्यांनी जे वाजवलं, त्यातले बारा तुकडे. नावं नाहीत, तारखा आहेत. पहिल्याचं नाव '२०२१०३१०', म्हणजे १० मार्च २०२१. त्यांचा श्वास ऐकू येतो. तो काढून टाकता आला असता, त्यांनी ठेवला. शेवटच्या तुकड्यात पियानोही नाही, बारीक घंटांचा किणकिणाट आहे.

याच काळात त्यांनी टोकियोत एनएचके या जपानी प्रसारणसंस्थेच्या स्टुडिओत वीस रचना एकट्याने वाजवल्या आणि त्यांचे चिरंजीव निओ सोरा यांनी त्या कृष्णधवल चित्रित केल्या. तो चित्रपट 'ओपस'. मिळाला तर '१२' नंतर पाहा. पहिल्या पायरीवरच्या चाली इथे संथ झालेल्या भेटतील.

यानंतर

तुम्हाला दुसरी-तिसरी पायरी जास्त आवडली असेल तर होसोनो यांचे स्वतंत्र अल्बम धरा. सहावी आवडली असेल तर ऑस्ट्रियाच्या फेनेझ यांच्याबरोबरचा 'सेंद्र' (२००७). तिथे पियानोभोवती गिटारचं धुकं आहे.

आणि एक जवळची वाट आहे. साकामोतो यांच्या बँडने नवंकोरं असतानाच वापरलेलं रोलँडचं टीआर-८०८ हे ठेक्याचं यंत्र १९८२ मध्ये मुंबईत चरणजित सिंग यांच्याकडेही होतं. त्यांनी ते, टीबी-३०३ हे बेसचं यंत्र आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. त्या वेळी तो अल्बम फारसा कुणी घेतला नाही. २०१० मध्ये तो पुन्हा निघाल्यावर जगाने दखल घेतली. तोडी, यमन, कलावती ओळखणाऱ्या कानांना त्यात शिरायला वेळ लागणार नाही. 'बी-२ युनिट' आणि हा अल्बम एका आठवड्यात ऐका, दोन वर्षांच्या अंतराने एकाच कारखान्याच्या यंत्रांतून दोन शहरांनी काय काढलं ते शेजारी ठेवून पाहता येईल.